२५ गेज

बेगम बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पातेलं उचलतं आणि आधी विचारतं, "कितने गेज का है?" आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी "२५ गेज" म्हटलं तेव्हा निदान एवढं तरी मला लगेच समजलं.

मधुमेह जुना. एका सकाळी शटर वर करताना उजव्या डोळ्यापुढे काजळाचे धागे उतरले आणि दुपारपर्यंत वजनकाट्यावरचे आकडे दिसेनासे झाले. साखरेमुळे पडद्यावर उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यातल्या जेलीत रक्त साचलं होतं. काही आठवड्यांनीही ते विरलं नाही, उलट पडद्याला ओढ बसू लागली. जेली काढायची, ओढ सोडवायची, लेसर करून वायू भरायचा, असं ठरलं.

या शस्त्रक्रियेची वाट रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मायामीत घालून दिली. त्यांचं हत्यार १७ गेजचं होतं. पुढे २० गेज रुळलं, म्हणजे ०.९ मिलिमीटर, तिथे टाके घालावे लागत. २००२ मध्ये २५ गेज आलं, जेमतेम अर्धा मिलिमीटर. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे तीन छिद्रं: एकातून पाणी, दुसऱ्यातून दिवा, तिसऱ्यातून मिनिटाला हजारो वेळा चालणारी कातर. नळ्या काढल्या की छिद्र बहुधा आपसूक मिटतं.

"टाँके नहीं पड़ेंगे, अंकल," हे ऐकून मी ऑपरेशनच किरकोळ समजलो. ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब ४ निघाला. १० ते २१ असायला हवा. एक छिद्र झिरपत होतं. थेंबांनी डोळा बधिर करून तिथे एक टाका घातला आणि दाब सावरला. असं होऊ शकतं, हे आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर ती रात्र मी घाबरत काढली नसती. सुरुवातीच्या वर्षांत अशा छिद्रांतून जंतुसंसर्गाची भीती जास्त वाटे. म्हणून आता छेद तिरका घेतात, झिरपतंय का ते तपासतात. तरी दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर अचानक उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

छेद लहान असला की टोचणी कमी आणि पहिले आठवडे सुसह्य. शेवटी दिसणार किती, हे मात्र पडद्याचा मधला भाग किती शाबूत आहे यावर ठरतं. पन्नाशीनंतर ही शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. मलाही झाला.

वायूचे दिवस विसरत नाही. दुकानामागच्या खोलीत मी पालथा पडून असे आणि बायको स्टुलावर ताट ठेवून भरवी. बुडबुड्याच्या काठाची रेष दिसे, मान हलली की डुचमळणारी, तांब्यातल्या पाण्यासारखी. ती रोज थोडी खाली सरके. वायू असेपर्यंत विमान वर्ज्य: उंचीवर तो फुगतो, दाब चढतो आणि नजरच जाऊ शकते. म्हणून लेकीकडे जायचं तिकीट रद्द केलं. मनगटावर तशी पट्टीही बांधली होती. शेवटी तळाशी एक गोल ठिपका उरला आणि एका सकाळी तोही नव्हता.

आता भांड्याच्या बुडावरचा शिक्का उजव्या डोळ्याने वाचता येतो. थाळीचा काठ मात्र त्याला किंचित वाकडा दिसतो. पोचा आहे का ते पाहायचं असलं की मी उजवा डोळा मिटून घेतो.