खडकीचे काडतूस आणि कर्जतचा पावसाळा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरच्या ज्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही ओल सुटते, तेथे परवानाधारकाने रिव्हॉल्व्हरपेक्षा काडतुसांचीच अधिक चिंता वाहावी, असे माझे निश्चित मत आहे. 1887 साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची .455 गोळी सुमारे 17 ग्रॅम वजनाची; तिच्यापुढे कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .32 रिव्हॉल्व्हरची गोळी किरकोळ खरी, परंतु नळीवर कोरलेले माप आणि काडतुसाच्या बुडावरील माप तंतोतंत जुळलेच पाहिजे, हा नियम दोहोंना सारखाच लागू. त्याच बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली, तर 1869 साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ती मोहर समजावी.

काडतुसे चामडी पट्ट्यात महिनोन्महिने कधीही ठेवू नयेत. चामड्यातील आम्लद्रव्यांमुळे पितळेवर हिरवा जंगाल चढतो. कोरडा, घट्ट झाकणाचा डबाच उत्तम.

रिकामी पुंगळी घरीच पुन्हा भरण्याचा उद्योग परदेशी शौकीन करतात. आपल्याकडे मात्र परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये गंभीर अपराध आहे. तेव्हा मित्रहो, घरी काडतुसे भरू नका, आणि जंगाल चढलेले काडतूस झाडू नका, घासून वापरू नका. ते परवानाधारक विक्रेत्यास वा पोलीस ठाण्यास दाखवा.