पॅच अँटेना लहान करण्याची किंमत काय?

नगर-मनमाड रस्त्यावरच्या एखाद्या ट्रकमधला जीपीएस ट्रॅकर उघडला, तर आत बहुधा 25 मिलिमीटरचा, वरून चांदीचा थर दिलेला सिरॅमिकचा चौकोनी तुकडा दिसेल. हा पॅच अँटेना. जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 19 सेंटिमीटर असते आणि साध्या पॅचला तिच्या निम्मी, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर लांबी लागते. मग तो एवढ्याशा जागेत मावतो कसा?

उत्तर मधल्या पदार्थात आहे. वर धातूचा पॅच, खाली धातूचाच सपाट थर आणि दोघांमध्ये विद्युतरोधक पदार्थ, अशी ही रचना असते. त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जितका मोठा, तितकी लहर आत आखडते. स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागायचं. स्थिरांक 20 असेल तर साडेनऊचे सुमारे 2.1 सेंटिमीटर होतात.

पण हे फुकट मिळत नाही. आकार घटला की अँटेना ज्या पट्ट्यात नीट काम करतो तो पट्टाही अरुंद होतो.

लोणी, संगमनेर किंवा कोपरगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्याने वायफायसाठी 2.45 गिगाहर्ट्झचा पॅच करायला घेतला, तर तो स्वस्त म्हणून एफआर-4 बोर्ड घेईल. स्थिरांक 4.4 धरला तर लांबी येते जेमतेम 29 मिलिमीटर. बाजारातल्या बोर्डाचा स्थिरांक मात्र 4.2 निघाला, की अँटेना 2.5 गिगाहर्ट्झच्या आसपास सरकतो. वायफायचा पट्टा 2.4835 ला संपतो! संगणकावर उत्तम दिसलेलं डिझाइन प्रत्यक्ष मोजणीत असं फसतं. म्हणून बोर्डाचा स्थिरांक आधी मोजून घेणं हे सॉफ्टवेअरमधल्या कोणत्याही करामतीपेक्षा जास्त उपयोगाचं.

पट्टा रुंद करायला पॅचमध्ये खाचा पाडतात किंवा एकावर एक पॅच रचतात. या विषयावर आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचं 2003 मधलं इंग्रजी पुस्तक जगभर वापरलं जातं.

अंतराळासाठी आणखी एक अट येते. आयनांबरातून जाताना लहरीच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरते, म्हणून पॅचचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटून वर्तुळाकार ध्रुवीकरण मिळवतात. पॅच सपाट असल्याने उपग्रहाच्या अंगावर थेट चिकटवता येतो, उलगडावा लागत नाही. मात्र 10 सेंटिमीटरच्या घनाकृती उपग्रहाला 70 सेंटिमीटरच्या लहरीवर बोलायचं असेल, तर साधा पॅच बसतच नाही. तिथे अजूनही उलगडणारी तार किंवा पट्टीच बरी पडते.