कबुतराच्या छातीवर, नवशिक्याच्या शिरावर

हवाई छत्री घेऊन विमानातून उडी मारण्याचे शिक्षण अमेरिकेत घेत असलेल्या आपल्या भाच्याची एक तक्रार नाशिकच्या एका वाचकांनी पत्राने धाडली आहे. शिरस्त्राणावर चिकटवता येईल असा जो चिमुकला कॅमेरा हल्ली बाजारात मिळतो, तो पहिल्या उडीपासून वापरण्याची मुभा शाळेने त्याला नाकारली असून, नोंदवहीत दोनशे उड्या जमा झाल्याखेरीज हा विषयच काढू नये, असेही बजावले आहे. पत्रलेखकांचा संशय असा की, शाळा स्वतःच्या छायाचित्रकाराकरवी केलेले चित्रण दाम घेऊन विकत असल्याकारणाने ही अट वरकरणी सुरक्षिततेची, परंतु मुळात गल्ल्याची आहे. संशय घेणाऱ्या वाचकांचा मला नेहमीच आदर वाटतो, तेव्हा त्यांना उत्तर देणे प्राप्तच आहे. मात्र त्याआधी क्रोनबर्गच्या औषधविक्रेत्याची हकिगत सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

फ्रांकफुर्टजवळच्या क्रोनबर्ग गावी युलियुस नॉयब्रोनर नावाचे एक गृहस्थ औषधांचे दुकान चालवीत असत. वडिलांच्या वेळेपासूनच या घराण्यात कबुतरांकरवी चिठ्ठ्या मागवण्याचा शिरस्ता होता, आणि तोच पुढे चालवून नॉयब्रोनर जवळच्या आरोग्यधामाला तातडीची औषधेही कबुतरांच्या अंगावर बांधून पोचती करीत. एकदा एक कबुतर धुक्यात वाट चुकले आणि तब्बल चार आठवड्यांनी सुखरूप परत आले; मधल्या काळात ते कोठे कोठे गेले असेल, या कुतूहलातून, कबुतराच्या छातीवरच कॅमेरा बांधला तर त्याच्या प्रवासाची साक्ष मिळेल, ही कल्पना या मनुष्याला सुचली. हवेच्या दाबाने ठरावीक वेळाने आपोआप उघडझाप करणारा चिमुकला कॅमेरा त्याने तयार केला आणि त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. परंतु असे काही होणे अशक्य आहे, असा शेरा मारून जर्मन एकस्व कार्यालयाने तो फेटाळला. पुढे प्रमाणित छायाचित्रेच पुराव्यादाखल समोर ठेवली, तेव्हा कोठे १९०८च्या डिसेंबरात त्याला एकस्व मिळाले. दुसऱ्या वर्षी ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात कबुतरे कॅमेऱ्यासह उतरत, तेथेच त्यांच्या छायाचित्रांची टपालपत्रे होत आणि प्रेक्षक ती हातोहात विकत घेत. त्या छायाचित्रांपैकी काहींत दोन्ही कडांना पंखांची टोके आलेली दिसतात. विमानातून काढलेल्या उत्तमोत्तम चित्रांपेक्षा मला ती अधिक आवडतात.

परंतु या हकिगतीतला जो भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. नॉयब्रोनरने आपल्या कबुतरांवर एकदम खरा कॅमेरा चढवला नाही. तीस ते पंचाहत्तर ग्रॅम वजनाचे लाकडी कॅमेरे, म्हणजे निव्वळ ठोकळे, बांधून त्याने त्यांना आधी त्या ओझ्यासह उडण्याची सवय लावली, आणि ज्याला ओझे अंगवळणी पडले त्याच पक्ष्यावर खरे यंत्र बांधले. पक्षी तर जन्मतःच उडणारा. उडणे त्याला शिकवायचे नव्हते, आणि चित्र घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर नव्हती. तरीही त्याच्या धन्याला लाकडाच्या ठोकळ्याची पायरी आवश्यक वाटली.

माणसाने शिरावर कॅमेरा बांधून आकाशातून पडू लागण्याचा काळ त्यानंतर अर्ध्या शतकाने उजाडला. त्या पिढीतला माझा आवडता मनुष्य म्हणजे कार्ल बोनिश, जो शिक्षणाने विद्युत अभियंता होता आणि ‘द जिप्सी मॉथ्स’ या १९६९च्या चित्रपटातील मुक्तपतनाच्या चित्रणात ज्याचा मोठा वाटा होता. १९७८ साली कॅलिफोर्नियातील एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरून हवाई छत्र्यांनिशी मारलेल्या उड्यांचे चित्रण त्यानेच केले, आणि १९८४ साली नॉर्वेत अशाच एका कड्यावरून उडी घेताना तो मरण पावला. कड्यांवरच्या साहसांमुळे त्याचे नाव राहिले. शिरावरील कॅमेऱ्याची कला घडवणारा कारागीर म्हणून त्याची आठवण त्या मानाने थोडे लोक काढतात, याचे मला वाईट वाटते. सोळा मिलिमीटरच्या फितीचे ते यंत्र वजनदार. शंभर फुटांची फीत जेमतेम पावणेतीन मिनिटांच्या आसपास चाले, त्यामुळे विमानात चढण्यापूर्वीच कोणता क्षण टिपायचा हे ठरवावे लागे. डोळा कॅमेऱ्याला लावणे शक्यच नसल्याने नेम मानेने धरायचा. पुढे या विद्येत डोळ्यासमोर एककेंद्री वर्तुळे दाखवणारे छोटे भिंग आले, आणि दोन्ही हात हवेत शरीर सावरण्यात गुंतलेले असल्यामुळे स्थिर छायाचित्राची कळ जिभेने किंवा दातांनी दाबण्याची तजवीजही झाली. ज्या कलावंताला जिभेच्या टोकाने चित्र काढावे लागते, त्याच्याबद्दल आदर न वाटणे कठीण आहे!

अशा यंत्राच्या वाटेला नवशिका जात नसे. ते विकत घेणे, बांधणे आणि मानेवर पेलणे हीच एक चाळण होती. ती चाळण हलक्या कॅमेऱ्याने मोडली. २००४ साली गोप्रो कंपनीने लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचा फितीचा कॅमेरा बाजारात आणला, आणि दशकभरात त्याचे अंकीय वंशज जगभरच्या शिरस्त्राणांवर जाऊन बसले. आता भाच्याचे म्हणणे असे असणार की, दीडशे ग्रॅमच्या वस्तूचे एवढे अवडंबर कशाला? वजनापुरते त्याचे म्हणणे मान्य आहे. छत्री उघडताना शरीराला वजनाच्या तिप्पट-चौपट भार जाणवतो असे धरले, तर जुन्या दोन किलोंच्या सरंजामाचे सहा ते आठ किलो मानेवर येत, आणि या नव्या कॅमेऱ्याचा भार सहाशे ग्रॅमच्या आतच राहतो. पण वजन हा तीन धोक्यांपैकी एक, आणि त्यातला सर्वांत सोपा.

दुसरा धोका अडकण्याचा. छत्री नीट उघडली तर तिच्या दोऱ्या शिराच्या वर, शिस्तीत ताणल्या जातात. पण मुख्य छत्रीत बिघाड झाला, ती सोडून देऊन राखीव छत्री उघडावी लागली आणि त्या क्षणी शरीर कलंडलेले असले, तर दोरी कोठून जाईल याचा भरवसा नसतो, आणि गुळगुळीत शिरस्त्राणावरून जी घसरून गेली असती ती कॅमेऱ्याच्या खोबणीत अडकू शकते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडात नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या वस्त्राचे कौतुक केले ते योग्यच. मला मात्र मोकळ्या कापडाच्या बंदोबस्ताचे कौतुक अधिक वाटले, आणि तो करणाऱ्या बाईंच्या गाठीशी शेकडो उड्या होत्या, हे विसरता येत नाही.

तिसरा धोका अवधानाचा, आणि माझ्या मते सारा प्रश्न येथेच आहे. तेरा हजार फुटांवरून उडी घेणाऱ्यास मुक्तपतनाचा अवधी जेमतेम मिनिटभर मिळतो, आणि पूर्ण वेग आल्यावर दर साडेपाच सेकंदांत सुमारे हजार फूट उंची सरते. त्या मिनिटात नवशिक्याला शरीर स्थिर ठेवायचे असते, मनगटावरील उंचीमापकाकडे पुनःपुन्हा पाहायचे असते, इतरांपासून अंतर राखायचे असते आणि नेमक्या उंचीवर छत्री उघडायची असते. कॅमेरा चालू करून विसरून जावे, असे म्हणणाऱ्यांनी विमानाच्या दारापाशी नवशिक्यांना पाहावे: छातीचा पट्टा आणि मुठी तपासण्याच्या त्या अखेरच्या मिनिटात ते शेजाऱ्याला विचारत असतात की, तांबडा दिवा लागला का? आणि हवेत गेल्यावर ज्याच्या शिरावर कॅमेरा आहे तो उंचीमापकाकडे पाहण्याऐवजी चित्राचा विषय शोधू लागतो, मित्राच्या जवळ सरकतो, मान वळवतो. उडीचा हेतूच बदलतो.

१९८८च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात घडलेली घटना या बाबतीत फार बोलकी आहे. आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार शिक्षक व शिष्य यांच्या जोडीचे चित्रण करण्यासाठी विमानाबाहेर पडला, तो हवाई छत्री न घेताच. कॅमेरा शिरावर, चित्रमुद्रणाचे यंत्र अंगावर; त्या ओझ्यामुळे पाठीवर छत्री नाही हे त्याच्या ध्यानी आले नसावे, असा तर्क तेव्हा मांडला गेला. हा मनुष्य नवशिका मुळीच नव्हता. म्हणजे आकड्यांच्या बळावर कोणी सुरक्षित होतो, असे नाही. दोनशेचा आकडा गाठल्यावर काही जादू घडते, असे शाळा सांगत असेल तर तिचेही चुकते.

मग तो आकडा आला कोठून? अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या परवान्यांच्या श्रेणीत पहिला परवाना पंचवीस उड्यांनी मिळतो आणि ‘सी’ परवान्याला दोनशे उड्या लागतात. कॅमेरा त्या ‘सी’ परवान्यानंतरच वापरावा, आणि ज्या छत्रीसह चित्रण करायचे त्याच छत्रीवर निदान पन्नास उड्या झालेल्या असाव्यात, अशी संघटनेची शिफारस आहे. हा सरकारी कायदा नव्हे. शाळा आपापल्या जागी त्याची अट करतात. दोनशे उड्यांपर्यंत बहुतेकांना लहानसहान बिघाडांचा अनुभव आलेला असतो आणि तपासणीचे सोपस्कार हाताला सवयीचे झालेले असतात, इतकाच त्या आकड्याचा आधार. एखाद्याला दीडशे पुरतील, एखाद्याला चारशेही पुरणार नाहीत. शाळेचा चित्रणावर नफा होतो, हेही खरेच असेल. पण नफा होतो म्हणून अट खोटी ठरत नाही. शिवाय अनेक ठिकाणी शिक्षकाच्याच शिरावर किंवा हातावर कॅमेरा असतो, आणि त्यातले चित्रण पाहून पाय कोठे वाकला, पाठीची कमान कोठे मोडली हे शिष्याला दाखवता येते. शिकणाऱ्याला उपयोगी पडणारा कॅमेरा तो हाच. स्वतःच्या शिरावरच्या कॅमेऱ्यात स्वतःची पाठ दिसत नाही.

आठवणीसाठी चित्रण हवे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, पण तिच्यावर फार भार टाकू नये. फेअरफिल्ड विद्यापीठातील लिंडा हेंकेल यांनी काही वर्षांमागे संग्रहालयात प्रयोग केले, तेव्हा ज्या वस्तूंचे छायाचित्र काढले त्या लोकांच्या स्मरणात कमी राहिल्या, नुसत्या पाहिलेल्या अधिक राहिल्या. मात्र एखाद्या वस्तूचा तपशील जवळून टिपला तेव्हा ही तूट दिसली नाही. संग्रहालयात कोणी आकाशातून पडत नसते, तेव्हा हा निष्कर्ष तसाच उचलून येथे लावणे घाईचे होईल.

भाच्याने पुढे वेळ आल्यावर नॉयब्रोनरचीच रीत धरावी: आधी काही उड्या बंद कॅमेऱ्यासह, कोणतेही चित्रण मनात न आणता, नेहमीची साधी उडी म्हणून, मग चालू कॅमेऱ्यासह, पण एका वेळी एकच नवी गोष्ट. कॅमेऱ्याची बैठक शक्य तितकी गुळगुळीत असावी, आणि दोरी अडकलीच तर शिरस्त्राण एका हाताने ताबडतोब सोडून देता येईल असा पट्टा हनुवटीखाली असावा. तो पट्टा सोडण्याची सवय जमिनीवर, झोळीत लटकून, दोन्ही हातांनी आळीपाळीने, डोळे मिटून करावी लागते. कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत हा पट्टा मी अद्याप पाहिलेला नाही.