हलक्या जातीचा मासा



आजचें माझें भाषण एका नांवाविषयीं आहे, आणि त्या नांवापायीं फुकट जाणाऱ्या जिवांविषयीं आहे.

उत्तर अमेरिकेंत गळ टाकून मासे धरणें हा कोट्यवधि लोकांचा विरंगुळा आहे. तेथील हौशी मासेमार माशांमध्यें दोन वर्ण मानतो. ट्राउट, बास, सामन हे खानदानी. ते धरण्यास हंगाम, किमान लांबी, रोजची संख्या, सारें कांहीं कायद्यानें ठरवून दिलेलें. बाकीचे ते 'रफ फिश', म्हणजे हलके मासे. यांस पुष्कळ ठिकाणीं ना हंगाम, ना मर्यादा. असा मासा गळाला लागला म्हणजे त्याच्या तोंडांतून गळ काढून त्यास पाण्यांत सोडण्याऐवजीं कित्येक जण तो कांठावरील गवतांत भिरकावून देतात. हा चांगल्या माशांचीं अंडीं फस्त करतो, तेव्हां त्यास मारणें म्हणजे नदीवर उपकारच, अशी त्यांची समजूत असते. दुसरा प्रकार रात्रीचा. नावेवर प्रखर दिवे लावून उथळ पाण्यांतील मासे धनुष्यबाणानें टिपावयाचे. बाण लागलेला मासा परत सोडण्याचा प्रश्नच उरत नाहीं. आणि खाण्याची इच्छा नसली तर नावभर मासे खड्ड्यांत पुरले जातात.

आपल्याकडील भोयाला हें सांगितलें तर तो विश्वास ठेवणार नाहीं. त्याच्या टोपलींतील मळ्या-झिंग्यांपर्यंत कांहींच वायां जात नाहीं; जें बाजारांत खपत नाहीं तें घरच्या कालवणांत जातें.

'हलका मासा' या शब्दास शास्त्रांत कांहींही अर्थ नाहीं. मी जन्मभर शाळामास्तर होतों. एकदां एखाद्या मुलाला वर्गांत 'ढ' म्हटलें, कीं पुढें त्याची वही कोणी नीट तपासीत नाहीं, हें मीं पाहिलें आहे. मीं स्वतःहि तें केलें आहे. या माशांचें तेंच झालें. त्यांचा अभ्यास करण्याची कोणास गरज वाटली नाहीं, आणि अभ्यास नाहीं म्हणून ते क्षुल्लक ठरले. २०२१ साली कांहीं अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनीं हा शब्दच टाकून द्यावा, अशी उघड मागणी केली.

गंमत अशी, कीं या यादींत परका आणि घरचा एकाच पंक्तीस बसले. कार्प मासा, आपल्या बाजारांत सायप्रिनस म्हणून मिळतो तो, अमेरिकेचा नव्हे. १८७७ साली तेथील सरकारी मत्स्यखात्यानें तो जर्मनीहून मुद्दाम आणविला, राजधानींतील तळ्यांत वाढविला आणि गांवोगांव वांटला. पुढें त्यानें तळीं गढूळ केलीं आणि लोक त्यास शिव्या देऊं लागले. त्या शिव्या अंगाखांद्यानें त्याच्यासारखे दिसणाऱ्या देशी माशांसहि मिळाल्या.

त्यांपैकीं एक बिगमाउथ बफेलो. हा अंडीं खाणारा नव्हेच. पाणी कल्ल्यांतून गाळून त्यांतील सूक्ष्म जीव तो खातो. याचें आयुष्य फार तर पंचवीस-सव्वीस वर्षांचें, असें पूर्वीं मानीत. माशाच्या कानांत एक खडा असतो; झाडाच्या बुंध्याप्रमाणें त्यावर वर्षावर्षाचें वलय चढतें. १९५० नंतरच्या अणुबाँबच्या चांचण्यांमुळें वातावरणांत जो कार्बन पसरला त्याची खूण या खड्यांत उतरलेली असते, आणि तीवरून वलयांची मोजणी खरी कीं खोटी हें पडताळतां येतें. २०१९ साली अशा पडताळणीनंतर प्रसिद्ध झालें, कीं मिनेसोटांतील एक बफेलो मासा ११२ वर्षांचा होता. लोकमान्य १९०८ साली मंडालेस गेले, त्यापूर्वींच हा मासा पाण्यांत पोहत होता! त्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. कांहीं ठिकाणच्या बफेलोंपैकीं शेंकडा ८५ ते ९० मासे ऐंशी वर्षांहून अधिक वयाचे निघाले. म्हणजे घर म्हाताऱ्यांनीं भरलेलें आणि पाळणा रिकामा. १९३० नंतरच्या दशकांत तेथें धरणें झालीं, अंडीं घालण्याच्या जागांचा मार्ग तुटला, आणि तेव्हांपासून नवी पिढी जवळजवळ नाहींच, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. बाणानें एका रात्रींत टिपलेले दहा मासे भरून येण्यास किती काळ लागेल, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

दुसरा बोफिन. हा आपल्या मरळीची आठवण करून देतो. मरळीप्रमाणेंच तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि त्याचा नर घरट्याची व पिलांच्या थव्याची राखण करतो. हें साम्य त्यास महाग पडतें. मरळीच्या कुळांतील एक चिनी मासा २००२ साली मेरीलँड संस्थानांतील एका तळ्यांत सांपडला. असा मासा दिसतांच मारावा, असें लोकांस सांगण्यांत आलें. आणि दोहोंतील फरक न कळल्यामुळें पुष्कळांच्या हातून घरचा बोफिनच मारला जातो. गार नांवाच्या लांब जबड्याच्या माशाविरुद्ध तर टेक्ससमध्यें १९३० नंतर विजेचा धक्का देणारी नाव काढली होती! त्याच टेक्ससनें २००९ पासून मगरगार माणशीं रोज एकच धरावा, असा नियम केला आहे.

माशाचा उपयोग नेहमीं ताटांतच दिसतो असें नाहीं. गोड्या पाण्यांतील शिंपल्यांचीं अगदीं बारीक पिलें कांहीं दिवस माशाच्या कल्ल्यांस चिकटून राहतात आणि त्याच्याबरोबर नदीभर पसरतात. प्रत्येक शिंपल्याचा यजमान मासा ठराविक. मिसिसिपी नदींतील काळ्या सालीचा 'एबनीशेल' शिंपला स्किपजॅक हेरिंग या माशावर अवलंबून असतो. या नदीच्या शिंपल्यांपासून मस्कटीन गांवीं सदऱ्याच्या गुंड्या करण्याचा मोठा धंदा चाले. १९१३ साली किओकक येथें धरण झालें, स्किपजॅकची वाट बंद झाली, आणि धरणाच्या वरल्या अंगास त्या शिंपल्याची नवी पैदास थांबली. म्हातारे शिंपले मात्र कित्येक वर्षें तळाशीं तसेच होते, म्हणून नुकसान झालें आहे हें पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानींच आलें नाहीं.

या तिरस्काराची कमाल १९६२ च्या सप्टेंबरांत झाली. ग्रीन नदीवर नवें धरण भरावयाचें होतें, आणि त्यांत ट्राउट सोडावयाचे होते. त्यांस देशी माशांचा उपद्रव नको म्हणून सरकारी खात्यांनींच सुमारें ४४० मैल प्रवाहांत रोटेनोन हें विष ओतलें. खालच्या अंगास विषावर उतारा टाकण्याची योजना होती. ती फसली, आणि विष पुढें राखीव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत गेलें. ज्या नद्यांतून कोलोरॅडो पाइकमिनो हा सहा फुटांपर्यंत वाढणारा मासा अशा रीतीनें हांकलला, त्याच खोऱ्यांतील नद्यांत तो आतां सरकारी खर्चानें पैदा करून सोडावा लागतो.

तर मग गळाला लागलेला मासा सोडून द्यावा काय? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. जर्मनींत योग्य कारणावांचून प्राण्यास यातना देणें गुन्हा आहे, आणि केवळ सोडून देण्यासाठीं मासा गळास लावणें हें योग्य कारण नव्हे, असा अर्थ तेथें बहुधा लावतात. स्वित्झर्लंडांत सोडण्याच्या इराद्यानें मासे धरण्यास बंदीच आहे. या विचारांत तथ्य आहे. सोडलेल्या माशांपैकीं कांहीं मागाहून मरतातच. म्हणून दिवसभर मासे धरून सोडणाऱ्यानें स्वतःस साधु समजूं नये. तथापि या युक्तिवादाच्या आधारें कोणी मासा गवतांत फेकूं लागला, तर मला तें मान्य नाहीं. खावयाचा असेल त्यास चटकन् मारावें. खावयाचा नसेल तर हात ओले करून धरावा, तापलेल्या खडकावर ठेवूं नये, अंगावरील बुळबुळीत थर पुसूं नये, गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करतां दोरा कापावा, आणि कल्ले नीट हलूं लागेपर्यंत त्यास पाण्यांत आधार द्यावा. यास दोन मिनिटें लागतात. मासा ट्राउट असता तर तींच दोन मिनिटें त्या गृहस्थानें आनंदानें दिलीं असतीं. माझी तक्रार एवढीच आहे.

मात्र 'सर्वच सोडा' हाहि नियम होऊं शकत नाहीं. ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया संस्थानामध्यें धरलेला कार्प जिवंत परत सोडणें कायद्याविरुद्ध आहे, कारण तेथें तो उपरा आहे. म्हणजे हातांतील मासा कोण, तो कोठचा, हें आधीं ओळखतां आलें पाहिजे. मिनेसोटानें २०२४ साली कायद्यांत देशी मासे कार्पापासून वेगळे काढले, तो याच दिशेनें उचललेला पाय होय.

हें सारें परक्यांचें म्हणून आपण हंसूं नये. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंतील खडस, म्हणजे निळ्या परांचा महासीर, कर्नल साइक्स यानें १८३९ साली शास्त्रास परिचित करून दिला. लोणावळ्यास त्याची पैदास यशस्वी झाली आणि १९७० नंतरच्या काळांत तेथील पिलें दक्षिणेकडे कावेरींत सोडलीं गेलीं. हेतु चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड आणि नारिंगी पर असलेला महासीर निराळा होता, आणि त्याची चौकशी कोणी केली नव्हती. तेथील छावण्यांत गळ टाकणारे हौशी लोक प्रत्येक मासा सोडण्यापूर्वीं वहींत नोंदवून ठेवीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या वह्या पुढें अभ्यासकांनीं उलगडल्या, तेव्हां दिसलें, कीं निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि वशिंडाचे कमी कमी होत गेले. त्या वशिंडाच्या माशाचें खरें शास्त्रीय नांव, 'टॉर रेमादेवी', २०१८ साली निश्चित झालें. नामशेष होण्याच्या अगदीं कांठावर असलेल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादींत तें त्याच वर्षीं चढलें.