दुखत नाही, तरी एक्स-रे कशाला?



मागच्या महिन्यात धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर गेले होते. तिथल्या तिशीतल्या एका भावाचा खुबा सिकलसेलमुळे निकामी झाला होता. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि तो खचतो. चार वर्षांपूर्वी त्याचा खुबा बदलला. आता तो शेतात जातो, डोंगर चढतो. तपासणीचे विचारले तर म्हणाला, "ताई, दुखत नाही. मग कशाला जायचं?"

त्याला दिलेले उत्तर आपणालाही सांगते.

हाड जिवंत असते. जिथे भार पडतो तिथे शरीर ते मजबूत ठेवते. भार नसेल तिथे विरळ होऊ देते. जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. खुबा बदलल्यावर बराच भार धातूची दांडी पेलते, म्हणून मांडीच्या हाडाचा वरचा भाग थोडा विरळ होतो. हा बदल मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत होतो आणि बहुधा तिथेच थांबतो.

दुसरा बदल मात्र घातक आहे. कृत्रिम सांध्याच्या वाटीतील प्लॅस्टिक झिजून सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून दाह होतो, हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाते. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती काही वर्षांतच झिजली, भोवतालचे हाड गेले आणि अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरले. आजचे सुधारित प्लॅस्टिक फार कमी झिजते; पण तरुण रुग्णाला तोच सांधा कित्येक दशके पुरवायचा असतो.

हे पोखरणे बहुधा दुखत नाही. दुखू लागते तेव्हा सांधा ढिला झालेला असतो किंवा हाड मोडलेले असते. मग दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड, कारण नवा सांधा बसवायला हाडच कमी उरते. एक्स-रेत हे आधी दिसते, आणि जुना एक्स-रे शेजारी ठेवला तर अधिक स्पष्ट दिसते.

त्या भावाने जुना एक्स-रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवला होता. तो घेऊन पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे दवाखान्यात जाणार आहोत. गाडीभाडे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी, एवढ्यासाठीच तो थांबला होता.

आपल्या मंडळीत कुणाचा खुबा बदलला असेल, तर त्यांना आवर्जून विचारा: शेवटचा एक्स-रे कधी काढला?