क्लस्टर शिरःशूल : व्यंजक हेतू आणि पथ्यविचार

शिरःशूलाचा रुग्ण आला नाही असा दिवस आपल्या चिकित्सालयात विरळाच. त्यांतील बहुतेकांची वेदना अजीर्ण, जागरण, उन्हात फिरणे, वेगावरोध किंवा मानसिक ताण यांच्याशी निगडित असते आणि हेतू दूर होताच ती ओसरते. परंतु याच गर्दीत क्वचित एखादा असा रुग्ण येतो की, ज्याच्या वेदनेची तीव्रता इतर कोणत्याही शिरःशूलाशी तुलना करता येणार नाही. आधुनिक वैद्यक त्याला ‘क्लस्टर हेडेक’ म्हणते. हजारात सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी हा विकार जडतो. संख्येने हे रुग्ण थोडे असले तरी नेमके निदान होईपर्यंत त्यांची अनेक वर्षे वाया जातात. कोणी दाढ काढून घेतो, कोणी सायनसची शस्त्रक्रिया करून घेतो, तर कोणी चष्म्याचा क्रमांक बदलत राहतो. वेदना असह्य होऊन जीव देण्याचे विचार मनात येण्यापर्यंत यांतील काहींची मजल जाते. म्हणूनच या विकाराची ओळख आणि पथ्यविचार आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

व्याधीचे स्वरूप

वेदना नेहमी एकाच बाजूस, डोळ्यात, डोळ्याभोवती किंवा शंखप्रदेशी असते. उपचार न केल्यास एक वेग १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. दिवसाआड एक ते दिवसातून आठ, इतके वेग येऊ शकतात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, अश्रुस्राव होतो, नाक चोंदते किंवा वाहू लागते, पापणी उतरते, बाहुली लहान होते, कपाळावर घाम येतो. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निश्चल पडून राहतो. हा रुग्ण मात्र एका जागी थांबू शकत नाही. तो येरझारा घालतो, डोके हातांत धरून डोलतो, प्रसंगी भिंतीवर डोके आपटतो. ‘दुखते तेव्हा तुम्ही पडून राहता की फिरत राहता?’ हा एकच प्रश्न निदानाची दिशा पालटू शकतो.

दुसरे वैशिष्ट्य कालाचे. बहुतेक रुग्णांत हे वेग काही आठवडे ते तीन महिने रोज येत राहतात आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, रुग्ण पूर्ण निरोगी असतो. वेग येत राहण्याच्या या कालखंडास आपण येथे ‘आवर्तनकाल’ म्हणू. त्यात वेग बहुधा ठरावीक घटकेलाच येतो. झोप लागल्यावर तास-दीड तासाने वेदनेने जागे होणे ही नेहमीची तक्रार असते. काहींचा आवर्तनकाल दरवर्षी त्याच ऋतूत सुरू होतो. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत मात्र हा विकार चिरकारी होतो व वर्षभरात तीन महिन्यांचीही सलग उसंत मिळत नाही.

विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ साली व बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेग चालू असताना मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात विशेष क्रियाशीलता आढळली. निद्रा, जागृती आणि शरीराचे दैनंदिन घड्याळ याच भागाच्या अधीन असल्याने वेदनेच्या नियमित वेळेचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

ग्रंथोक्त शिरोरोगांशी साम्य

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांपैकी अर्धावभेदकातील एकांगी वेदना, सूर्यावर्तातील वेळेचे बंधन आणि अनंतवातातील नेत्र-भ्रू-शंख प्रदेशांचा सहभाग, या तिन्हींची छाया या विकारात दिसते. तथापि यांपैकी कोणताही एक म्हणजेच क्लस्टर शिरःशूल, असे समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. सूर्यावर्ताची वेदना सूर्याबरोबर चढते व उतरते. येथील वेदना बहुधा मध्यरात्रीची असते. नावाचा आग्रह न धरता दोष, स्थान व काल यांचा विचार करणे अधिक श्रेयस्कर.

उत्पादक आणि व्यंजक हेतू

माधवनिदानावरील मधुकोश टीकेत हेतूंचे उत्पादक आणि व्यंजक असे भेद सांगितले आहेत. हेमंतात मधुर रसाने साचलेल्या कफाला वसंतातील सूर्यताप प्रकट करतो. तेथे मधुर रस हा उत्पादक व सूर्यताप हा व्यंजक. क्लस्टर शिरःशूलात ज्यांना ‘ट्रिगर’ म्हटले जाते ते हेतू या व्यंजक वर्गात बसतात. आवर्तनकालात मद्याचा एक घोट तासाभरात वेग आणू शकतो. आवर्तनकाल संपल्यावर त्याच मद्याने बहुधा काहीही होत नाही. म्हणजेच व्यंजक हेतू टाळल्याने वेगांची संख्या कमी होईल, परंतु आवर्तनकाल त्याने संपणार नाही. ही मर्यादा रुग्णाला प्रथमच सांगावी. नाही तर काटेकोर पथ्य पाळूनही वेग आला की तो स्वतःलाच दोष देतो आणि घरची माणसेही ‘तूच काहीतरी खाल्ले असशील’ म्हणून त्याला बोल लावतात.

आता प्रमुख व्यंजक हेतू पाहू.

मद्य : हा सर्वांत निश्चित हेतू होय. आवर्तनकालात तो पूर्णतः वर्ज्य करावा. येथे आपल्यासाठी एक विशेष सूचना आहे. आसव-अरिष्टांत संधानाने निर्माण झालेले मद्य १२ टक्क्यांपर्यंत असू शकते. मात्रा अल्प असली तरी या रुग्णांची संवेदनशीलता पाहता आवर्तनकालात दशमूलारिष्ट, द्राक्षासव आदी कल्प टाळून त्यांऐवजी क्वाथ, चूर्ण किंवा वटी योजावी, असे आमचे मत आहे.

दिवास्वप्न : दुपारच्या झोपेतून वेदनेने जागे झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. आपल्या शास्त्रात ग्रीष्मात दिवास्वप्नास अनुज्ञा आहे. या रुग्णास मात्र आवर्तनकालात ती देऊ नये. त्याचबरोबर वेगाच्या भीतीने रात्री जागत बसणे हेही अहितकर आहे. निजण्याची व उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवावी.

नायट्रेट औषधे : हृद्रोगात जिभेखाली ठेवण्यात येणाऱ्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने आवर्तनकालात वेग येतो, हे प्रयोगांनीही सिद्ध आहे. मात्र हे औषध रुग्णाने किंवा आपण परस्पर बंद करू नये. हृद्रोगतज्ज्ञांना कळवून त्यांच्याकडूनच पर्याय घ्यावा.

उग्र गंध व उष्णता : रंग, पेट्रोल, अत्तर, द्रावके यांचा वास, कडक पाण्याचे स्नान, उन्हातील श्रम ही कारणे काही रुग्ण सांगतात. त्यामुळे आवर्तनकालात तीक्ष्ण नस्य, तीक्ष्ण धूमपान व शिरःप्रदेशी स्वेदन करण्यापूर्वी पुनर्विचार करावा. वेग चालू असताना तर ते करूच नये.

धूम्रपान : या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ आढळते. ते सोडल्याने आवर्तनकाल थांबेलच अशी ग्वाही देता येत नाही. तरीही इतर सर्व कारणांस्तव ते सोडण्याचा सल्ला द्यावाच.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येकाचे व्यंजक हेतू सारखे नसतात. सर्वांना सरसकट वीस पदार्थ वर्ज्य केल्यास रुग्ण कृश आणि त्रस्त मात्र होतो. साधी वही घेऊन वेगाची तारीख, सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, बाजू, निद्रेचा काल, त्याआधीच्या तीन-चार तासांतील आहार-विहार व घेतलेले औषध एवढेच लिहावयास सांगावे. दोन-तीन आठवड्यांत चित्र बरेच स्पष्ट होते. हीच वही पुढे मज्जाविकारतज्ज्ञांना दाखविता येते आणि पुढील वर्षी आवर्तनकाल कधी संभवतो याचा अंदाजही तीवरून बांधता येतो.

वेगकालीन उपाय

वेग चालू असताना क्वाथ किंवा वटी देऊन तो थांबेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. पोटात घेतलेल्या साध्या वेदनाशामक गोळीचा परिणाम दिसेपर्यंत अनेकदा वेगच संपलेला असतो. येथे सर्वांत निर्धोक मानला जाणारा उपाय म्हणजे शुद्ध प्राणवायू. श्वास परत न फिरविणाऱ्या मुखवट्यातून मिनिटास १२ ते १५ लिटर या वेगाने, बसून, सुमारे १५ मिनिटे तो घ्यावयाचा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिनिटांत ७८ टक्के वेगांत उतार पडला, साध्या हवेने केवळ २० टक्क्यांत. कोविडच्या काळात अनेक घरांत आलेले मिनिटास ५ लिटरचे प्राणवायू यंत्र या कामी पुरेसे नाही, सिलिंडरच लागतो. त्याच्याजवळ विडी, सिगारेट वा ज्योत असता कामा नये आणि जुनाट श्वसनविकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो वापरू नये. सुमाट्रिप्टानचे त्वचेखाली देण्याचे इंजेक्शन त्वरित गुणकारी आहे, परंतु हृद्रोग्यांस ते निषिद्ध आहे. आवर्तनकालात वेग रोखण्यासाठी तज्ज्ञ व्हेरापामिल योजतात व त्यासाठी वेळोवेळी हृदयाचा आलेख काढावा लागतो. म्हणून या रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठविणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. त्यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही.

औषधाचे श्रेय

आवर्तनकाल आपोआप संपतो ही या व्याधीची प्रकृतीच आहे. सहा-आठ आठवडे त्रास भोगून रुग्ण आपल्याकडे येतो, आपण पथ्यादि क्वाथ, गोदंती किंवा शिरःशूलादिवज्र रस देतो आणि पंधरा दिवसांत वेग थांबतात. हा गुण औषधाचा की कालाचा, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही. एकाच रुग्णाचे दोन-तीन आवर्तनकाल वहीत नोंदले गेले, तरच काही बोलता येईल. तोपर्यंत ‘हमखास उपाय’ अशी जाहिरात कोणीही करू नये. अग्निरक्षण, मलशुद्धी, निद्रेची नियमितता आणि विरामकालातील बलवर्धन यांद्वारे रुग्णाची साथ करणे, हे आपले क्षेत्र तसेही लहान नाही.

सावधानतेची लक्षणे

अकस्मात उद्भवलेला अतितीव्र शिरःशूल, ज्वर, मान ताठरणे, दृष्टी मंदावणे, दिव्याभोवती वलये दिसणे, हातापायांतील दुर्बलता, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली वेदना, किंवा वेग नसतानाही पापणी उतरलेली राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. लक्षणे नमुनेदार असली तरी पहिल्या निदानाच्या वेळी मेंदूचे एम.आर.आय. चित्रण एकदा करून घेणे हितावह असते.

शेवटी, या रुग्णाच्या मनाची विचारपूस करावयास आपण विसरता कामा नये. ‘कधी जगणे नकोसे वाटते का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. धोका वाटल्यास त्यास एकटे सोडू नये, नातलगांस विश्वासात घ्यावे आणि मानसरोगतज्ज्ञांची मदत मिळवून द्यावी. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यास लिहून द्यावा. वर्षानुवर्षे ‘साधी डोकेदुखी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या रुग्णास त्याच्या वेदनेचे नाव सांगणे आणि ती खरी आहे असे म्हणणे, येथूनच त्याच्या चिकित्सेचा आरंभ होतो.