रुक्मिणीची पालखी एसटीनं गेली तेव्हा

आपली सुटी म्हणजे माहेर, शेगावचं दर्शन, नाही तर पंढरीची वारी. साथ आली की पहिला घाला यावरच पडतो. कारण आजार माणसांसोबतच प्रवास करतो, गर्दीत आणि बंद गाडीत लवकर पसरतो.

कोरोनात, २०२० आणि २०२१ मध्ये, कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी पायी न जाता मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपूरला गेली. शेगावची पायी वारी तर दोन्ही वर्षं निघाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली.

मग सवयी बदलल्या. लांबच्या यात्रेऐवजी जवळचं ठिकाण, एसटीऐवजी घरची मोटारसायकल. पण तिच्यावर जागा दोघांचीच. घरी राहते ती सासू, नाही तर सून. शिवाय गाडी ज्याच्या हाती, दिवसही तोच ठरवतो.

एसटीचं तसं नाही. १७ मार्च २०२३ पासून तिथं बायकांना अर्धं तिकीट आहे. तेव्हा गटात महिन्याला थोडी सहल-वर्गणी काढा, चिखलदऱ्याचा दिवस ठरवा. ऐनवेळी जिला ताप-खोकला आला, तिची वर्गणी पुढच्या सहलीला धरा. पैसे बुडत नसले, की आजारी बाई निमूट घरी थांबते.